विटेआधीची इमारत

तुमच्या शाळेच्या वाटेवर एखादी तरी इमारत बांधली जात असेल. वाळूचा ढीग, खडी, सळयांच्या जुड्या, बांबूची परांची. काम कधी जोरात चाललेले असते, तर कधी चार-चार दिवस तेथे कोणीच दिसत नाही. गवंडी येतात तेव्हा विटा आलेल्या नसतात. विटा येतात तेव्हा गवंडी दुसऱ्या कामावर गेलेले असतात. रंगारी भिंत रंगवून जातात आणि दुसऱ्या दिवशी वायरमन येऊन तीच भिंत फोडतो. असे का होते? लोक म्हणतात, ठेकेदार चांगला नाही. काही वेळा ते खरेही असते. पण चांगल्या ठेकेदाराच्या कामालाही उशीर होतो. म्हणजे या उशिराचे मूळ केवळ माणसाच्या स्वभावात नाही, ते कामाच्या रचनेतही आहे.

इमारत बांधणे ही एक विद्या आणि बांधकाम चालवणे ही दुसरी विद्या. पहिल्या विद्येत तुळई किती जाड असावी, सळई किती घालावी, हे शिकतात. दुसऱ्या विद्येत कोणते काम कधी सुरू करावे, किती माणसे लावावीत, सामान कोणत्या दिवशी यावे, पैसा कसा पुरवावा, हे शिकतात. तिला ‘बांधकाम व्यवस्थापन’ म्हणतात. नाव जड आहे, पण या विद्येतील रोजचे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. इमारत, नकाशा, मजूर, मुकादम, अंदाज, हिशेब हे सारे शब्द मराठी गवंड्याच्या तोंडी आहेत आणि तुमच्या घरीही आहेत.

ही दुसरी विद्या शिकवायची कशी, हा मोठा प्रश्न आहे. पोहायला शिकणारा मुलगा उथळ पाण्यात हातपाय मारतो. चुकला तर नाकात पाणी जाते, एवढेच. बांधकामात उथळ पाणी नसते. एक उदाहरण पाहा. स्लॅब ओतल्यावर तो ओला ठेवून पक्का होऊ द्यावा लागतो आणि तोपर्यंत खालून टेकू द्यावे लागतात. साधे सिमेंट वापरले असेल आणि स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपेक्षा मोठा असेल, तर हे टेकू किमान १४ दिवस काढू नयेत, असे आपल्या देशाचे प्रमाण सांगते. आता कामाला आधीच उशीर झाला आहे, मालक रोज विचारतो आहे, सेंटरिंगचे सामान दुसरीकडे हवे आहे. अशा वेळी नवा, अननुभवी व्यवस्थापक म्हणतो, “आठव्या दिवशीच टेकू काढा.” स्लॅब खाली आला, तर त्याखाली मजूर असतात. अशा चुकीतून शिकायला कोणाला सांगायचे?

विमान चालवणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली जमिनीवरच हलणारे एक खोटे विमान बनवले. शिकणारा त्यात बसून दांडे फिरवी आणि विमान कोसळले, तरी तो जिवंत राही. खरी वस्तू न वापरता तिच्या वागण्याची नक्कल उभी करणे, याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे ‘सिम्युलेशन’. आपण त्याला ‘अनुकरण-प्रयोग’ म्हणू. पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ साली स्थापन झालेली जल व विद्युत संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. तेथे धरणांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांवर पाणी सोडून पाहतात. तोही एक अनुकरण-प्रयोगच. पण पाण्याची नक्कल पाण्याने करता येते. गवंडी, पाऊस, उशिरा आलेला ट्रक आणि संपलेले पैसे यांची नक्कल कशाने करायची?

तिची सुरुवात कागदावरील रेषांनी झाली. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट या रसायनांच्या कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या कंपनीतील जेम्स केली यांनी एक पद्धत शोधून काढली. मोठ्या कामाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला किती दिवस लागतील ते लिहायचे आणि कोणता तुकडा कोणत्या तुकड्यानंतरच होऊ शकतो, ते बाणांनी दाखवायचे. मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाणाऱ्या सर्व वाटा मोजायच्या. जी वाट सर्वांत लांब, तीच ‘क्रिटिकल पाथ’ म्हणजे निर्णायक मार्ग. हा हिशेब त्यांनी युनिव्हॅक नावाच्या, खोलीएवढ्या संगणकावर केला.

शाळेची एक खोली घ्या. सेंटरिंग आणि सळया बांधायला ६ दिवस, स्लॅब ओतायला १ दिवस आणि टेकू ठेवायला १४ दिवस, असे २१ दिवस झाले. त्यानंतरच आत गिलावा सुरू होणार. दुसरीकडे सुताराला दारे-खिडक्या करायला १० दिवस लागतात आणि त्याही गिलाव्याच्या आधीच हव्यात. सुतार ११ दिवस घरी बसला, तरी इमारतीला एका दिवसाचाही उशीर होत नाही. पण सळया एक दिवस उशिरा आल्या, तर सारी इमारत एक दिवस उशिरा पुरी होते. अडाणी व्यवस्थापक सगळ्यांवर सारखाच ओरडतो. शहाणा व्यवस्थापक सुताराला सोडतो आणि सळयांच्या दुकानात जाऊन बसतो.

या पद्धतीत एक उणीव होती. सुताराला १० दिवस लागतील, असे आपण लिहितो. पण त्याला कधी ८ लागतात, तर कधी १४. काम म्हणजे घड्याळ नव्हे. मग या चढउतारांचा हिशेब कसा करायचा? याचे उत्तर पत्त्यांच्या डावातून निघाले. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून उठत होते आणि वेळ घालवण्यासाठी एकटेच पत्ते खेळत होते. डाव सुटण्याचा संभव किती, हे गणिताने काढू लागले, तर ते फारच किचकट निघाले. तेव्हा त्यांच्या मनात आले की, हिशेब करत बसण्यापेक्षा डाव शंभर वेळा मांडावा आणि किती वेळा सुटला ते मोजावे. या साध्या कल्पनेला पुढे ‘मोंटे कार्लो’ पद्धत हे नाव मिळाले. माणूस शंभर डाव खेळून थकतो, संगणक लाख डाव खेळूनही थकत नाही.

आता हीच कल्पना इमारतीला लावू. त्यासाठी संगणकाची गरज नाही. एक नाणे, चाळीस चिंचोके आणि पाच मुले पुरेत.

चाळीस खोल्यांची एक इमारत आहे. तिच्यात एकामागून एक पाच टोळ्या काम करणार: गवंडी, वायरमन, गिलावेवाले, फरशीवाले आणि रंगारी. पाच मुले या क्रमाने ओळीत बसतील. एक चिंचोका म्हणजे एक खोली. सारे चिंचोके गवंड्यापुढे ठेवा. गवंडी एका दिवसात जेवढ्या खोल्या पुऱ्या करील, तेवढे चिंचोके वायरमनकडे सरकवील. पण वायरमन ते दुसऱ्या दिवशीच हाती घेऊ शकेल. पुढच्यांसाठीही हाच नियम.

पहिल्यांदा नाणे न वापरता खेळा. प्रत्येक टोळी रोज नेमक्या ४ खोल्या करते. गवंडी दहाव्या दिवशी मोकळा होतो, वायरमन अकराव्या आणि रंगारी चौदाव्या दिवशी. इमारत १४ दिवसांत तयार. सारे कसे सुरळीत!

आता नाणे घ्या. प्रत्येक जण आपापल्या पाळीला नाणे उडवील. छाप पडला तर त्या दिवशी ६ खोल्या करण्याची ताकद, काटा पडला तर फक्त २ खोल्यांची. सरासरी पुन्हा ४ च आहे. मग इमारत १४ दिवसांतच व्हायला हवी, नाही का? खेळून पाहा. बहुतेक वेळा ती १४ दिवसांत होत नाही. पंधरा, सोळा, सतरा, कधी त्याहूनही अधिक दिवस लागतात आणि मधल्या मुलांना आपण उगाचच बसून राहिलो असे वाटते.

का, ते पाहण्यासाठी पहिल्या दोन टोळ्यांचे चार दिवस नीट तपासू. पहिल्या दिवशी गवंड्याला काटा पडला. त्याने २ खोल्या केल्या. दुसऱ्या दिवशी त्याला छाप पडला. ६ खोल्या झाल्या. त्याच दिवशी वायरमनलाही छाप पडला. त्याच्या अंगात ६ खोल्यांचे बळ आहे, पण पुढ्यात कालच्या दोनच खोल्या आहेत. त्याने २ केल्या आणि चार खोल्यांची मेहनत वाया गेली. तिसऱ्या दिवशी गवंड्याने पुन्हा ६ केल्या. वायरमनपुढे आता ६ खोल्या वाट पाहत आहेत, पण नेमका त्याला काटा पडला. त्याने २ च केल्या. चौथ्या दिवशी गवंड्याने २ आणि वायरमनने ६ खोल्या केल्या. हिशेब करा. गवंड्याच्या चार दिवसांत १६ खोल्या झाल्या. सरासरी बरोबर ४. वायरमनला तीन दिवसांत नाण्याने ६, २ आणि ६ म्हणजे १४ खोल्यांचे बळ दिले होते. ते सरासरीपेक्षा जास्तच होते. तरी प्रत्यक्षात त्याच्या हातून १० च खोल्या झाल्या. नाणे नसते, तर १२ झाल्या असत्या.

मला या खेळातील हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. वाईट दिवसाचे नुकसान पुढच्या टोळीकडे जाते. चांगल्या दिवसाचा फायदा मात्र पुष्कळदा पुढे जातच नाही, कारण त्या दिवशी पुढ्यात काम नसते. वायरमन आळशी नव्हता. तरी मालक जागेवर येईल तेव्हा त्याला वायरमन बिडी ओढत बसलेला दिसेल आणि शिव्या त्यालाच मिळतील. रोजंदारीवरच्या माणसाचा तर त्या दिवसाचा रोज बुडण्याचीही भीती असते.

आता नियम थोडा बदला. छापाला ५ आणि काट्याला ३ खोल्या धरा. सरासरी अजूनही ४ च आहे, पण उशीर स्पष्ट कमी होतो. म्हणजे टोळ्यांना “जोरात करा, जोरात करा” म्हणण्यापेक्षा त्यांचा रोजचा चढउतार कमी करणे अधिक कामाचे. विटा आदल्या दिवशी आणून ठेवणे, पाण्याची टाकी भरून ठेवणे, नकाशातील शंका आधीच विचारून घेणे, या बारीकसारीक गोष्टींनी काटा ‘दोन’चा ‘तीन’ होतो. असाच एक खेळ अमेरिकेतील आयरिस टॉमलाइन, डेव्हिड रायली आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९९ साली एका लेखात मांडला. टोळ्यांची मिरवणूक एकामागून एक जाते म्हणून त्याला ‘परेड गेम’ म्हणतात. आज अनेक देशांतील बांधकामाच्या वर्गांत तो खेळला जातो. मोठमोठे अभियंतेही तो खेळताना सरासरीवर भरवसा ठेवून फसतात.

संगणक आला, तसे हे खेळ अधिक खरे होऊ लागले. १९७० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात डॅनियल हॅल्पिन आणि रोनाल्ड वुडहेड यांनी ‘कन्स्ट्रक्टो’ नावाचा खेळ तयार केला. विद्यार्थी एका कामाचा व्यवस्थापक होई, किती माणसे लावायची ते ठरवी आणि संगणक हवामान व मजुरांचा वेग लक्षात घेऊन काम किती झाले ते कळवी. विद्यार्थ्याने पैसे बुडवले, तर ते कागदावरच बुडत.

हॅल्पिन यांनीच पुढे ‘सायक्लोन’ नावाची पद्धत दिली. ती फेऱ्याफेऱ्यांनी चालणाऱ्या कामांसाठी आहे. खोदकामाचे उदाहरण घ्या. पोकलेनला एक डंपर भरायला ५ मिनिटे लागतात. भरलेला डंपर माती टाकून २० मिनिटांनी परत येतो. म्हणजे एका डंपरची फेरी २५ मिनिटांची. पोकलेन रिकामा राहू नये म्हणून किती डंपर हवेत? २५ भागिले ५, म्हणजे ५. गणिताच्या वहीत उत्तर बरोबर आहे. पण रस्त्यावर रेल्वेचे फाटक आहे. कधी तीन डंपर एकदम येतात आणि रांग लागते, तर कधी एकही येत नाही आणि पोकलेन उभा राहतो. मग सहावा डंपर भाड्याने घ्यावा का? त्याचे भाडे पोकलेनच्या वाया जाणाऱ्या वेळेपेक्षा कमी पडेल का? याचे उत्तर वहीत सहज निघत नाही. संगणकात असे हजार दिवस चालवून पाहिले, की ते समोर येते.

आतापर्यंतच्या या खेळांत इमारत दिसत नव्हती. दिसत होते ते आकडे. तिचे रूप दाखवणारी साधने वेगळ्या वाटेने आली. साध्या नकाशात दार म्हणजे दोन-चार रेषा. आपण त्या रेषांना दार म्हणतो, कागदाला ते ठाऊक नसते. १९७० च्या दशकात चार्ल्स ईस्टमन यांनी संगणकात अशी इमारत मांडायचे ठरवले की, जिच्यातील दाराला आपण दार आहोत हे ‘ठाऊक’ असेल: त्याची उंची, लाकूड, ते कोणत्या भिंतीत आहे, सारे काही. अशा मॉडेलमध्ये भिंत सरकवली, तर दारही तिच्याबरोबर सरकते. सांडपाण्याचा नळ तुळईतून आरपार जात असेल, तर संगणक ती टक्कर आधीच दाखवतो. तसे नसेल, तर ती टक्कर प्लंबरला छिन्नी हातात घेतल्यावर समजते.

लांबी, रुंदी आणि उंची या तीन मापांना वेळेचे चौथे माप जोडले, की मॉडेल चालू लागते. तारीख पुढे सरकते आणि पडद्यावर खांब उभे राहतात, स्लॅब येतो, भिंती चढतात. अमेरिकेत लॉस अँजेलिस शहरात फ्रँक गेरी यांनी रचलेले वॉल्ट डिस्ने संगीतगृह २००३ साली खुले झाले. त्याच्या वाकड्यातिकड्या पोलादी भिंती पाहिल्या, तर त्या कोणत्या क्रमाने उभ्या केल्या असतील, हे कळेनासे होते. तेथे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या मदतीने असे वेळ जोडलेले मॉडेल करून ठेकेदारांच्या बैठकींत पाहिले गेले. महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या उभारणीत मॉडेलला वेळेबरोबर खर्चही जोडला होता. ही मेट्रो २०१९ च्या मार्चमध्ये धावू लागली.

अशी साधने वर्गातही आली आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात विद्यार्थी आधी आपले वेळापत्रक बनवतात, मग संगणकातील इमारत त्याप्रमाणे वाढताना पाहतात आणि कामाची गती पाहून निर्णय बदलतात. वेळापत्रकात छप्पर खांबाच्या आधी लिहिले गेले असेल, तर पडद्यावर ते हवेत तरंगते. कागदावर ही चूक शंभर ओळींत लपून राहते. येथे ती पाहून सारा वर्ग हसतो.

पण रंगीत पडदा पाहून हुरळून जाऊ नये. पडद्यावरची भिंत माऊसच्या एका टिचकीने उभी राहते. त्यामुळे ती सोपी वाटू लागते, हा या शिक्षणातला खरा धोका आहे. मे महिन्याच्या दुपारी तिसऱ्या मजल्यावर घमेले चढवणाऱ्या बाईचा वेग सकाळसारखा राहत नाही. ईदला किंवा होळीला गावी गेलेली टोळी सांगितलेल्या दिवशी परततेच असे नाही. मॉडेलला यातले काहीही आपोआप कळत नाही. आपण जे आकडे घालू, त्यांवरच ते चालते. चुकीचा आकडा घातला, तर चुकीचे उत्तर ते सुंदर रंगांत दाखवते.

म्हणून आपल्या खेळातला ‘छापाला ६, काट्याला २’ हा आकडा कोठून आला, हे विचारलेच पाहिजे. येथे तो आपण मनाने घेतला. खऱ्या कामात तो मनाने घेऊन चालत नाही. पोकलेनला एक डंपर भरायला कधी ४ मिनिटे लागतात आणि कधी ९, हे कोणाला तरी घड्याळ आणि वही घेऊन, धुळीत उभे राहून, डंपरामागून डंपर मोजूनच लिहावे लागते.

शब्दार्थ

परांची – उंचावर काम करण्यासाठी बांधलेला बांबूंचा सांगाडा
तुळई – छताचा भार खांबांवर नेणारा आडवा भाग
गाळा – दोन आधारांमधील अंतर
गिलावा – भिंतीवरील सिमेंटचा लेप, प्लास्टर
प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली वस्तू, नमुना
निर्णायक – ज्यावर शेवटचा निकाल अवलंबून असतो असे
उणीव – कमतरता
हुरळून जाणे – एकदम खूश होऊन भान विसरणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान किती दिवस ठेवतात?
(आ) उलाम यांना नवी कल्पना कशावरून सुचली?
(इ) साध्या नकाशातील दार आणि मॉडेलमधील दार यांत काय फरक आहे?

२. कारणे लिहा.
(अ) शहाणा व्यवस्थापक सुताराला सोडतो आणि सळयांच्या दुकानात जाऊन बसतो.
(आ) वायरमनला १४ खोल्यांचे बळ मिळाले, तरी त्याच्या हातून १० च खोल्या झाल्या.

३. पाठात आलेले, तुमच्या बोलण्यातही असलेले पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

४. उपक्रम : वर्गात पाच-पाच जणांचे गट करून चिंचोक्यांचा खेळ खेळा. प्रत्येक गटाला किती दिवस लागले ते फळ्यावर लिहा. मग गवंडी आणि वायरमन यांच्यामध्ये आधीच चार तयार खोल्या ठेवून पुन्हा खेळा आणि काय फरक पडला ते सांगा.